आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत

गेल्या अनेक वर्षांत आमच्या खामगावच्या घरात तीन तऱ्हेचे लाउडस्पीकर नांदले. व्हॉल्व्हच्या जुन्या फिलिप्स रेडिओतला एक, भजनासाठी घेतलेला अहुजाचा भोंगा आणि पुढे हौसेनं आणलेली सोनोडाइनच्या खोक्यांची जोडी. यातला चांगला कोणता, असं कोणी विचारलं, की मी उलट विचारतो, ‘ऐकायचंय काय?’

तिघांचं मूळ तत्त्व एकच. लोहचुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून जाणारा वीजप्रवाह बदलला, की ते मागेपुढे हलतं आणि त्याला जोडलेला कागदी शंकू हवा ढकलतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली ही रचना आजही चालते. फरक पडतो तो शंकूच्या आकारानं आणि त्याभोवतीच्या पेटीनं.

रेडिओची लाकडी पेटी मागून उघडी असते. शंकू पुढे हवा दाबतो, त्याच वेळी मागे ती विरळ होते. खर्जाच्या लांब लाटा पेटीला वळसा घालून एकमेकींना मारतात. त्यामुळे तबल्याचा बायाँ पातळ वाटतो, पण निवेदकाचा आवाज उठून दिसतो.

भोंग्यात शंकूऐवजी लहानसा पडदा असतो. भोंग्याचा पसरत जाणारा आकार त्या पडद्याचा जोर बाहेरच्या हवेपर्यंत नीट पोचवतो, म्हणून थोड्या विजेत आवाज शिवारापर्यंत जातो. मात्र खर्ज जवळजवळ नाहीच. सूचना द्यायला उत्तम. घरात गाणं ऐकायला नाही.

सोनोडाइन ही कोलकात्याची, १९७० मध्ये सुरू झालेली कंपनी. तिच्या खोक्यात खर्जासाठी मोठा शंकू, तर वरच्या सुरांसाठी लहान ट्वीटर. मागची लाट पेटीतच अडवलेली, म्हणून खर्ज भरदार. तानपुरा खऱ्या अर्थानं मी यावरच ऐकला.

तरीही आईला हा स्पीकर रुचला नाही. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. ट्यूनर जोडून बातम्या लावल्या, की म्हणायची, ‘आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत.’ त्याच बातम्या जुन्या रेडिओवर तिला नीट कळत. यात हट्ट नव्हता. वय वाढतं तशी कानाची वरच्या कंपनांची जाण आधी कमी होते आणि ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ ही व्यंजनं ओळखायला तीच लागते. त्यावर जोरदार खर्ज आला, की उरलीसुरली व्यंजनंही झाकली जातात. आवाज वाढवला तर खर्जही वाढतो. मी अॅम्प्लिफायरवरचं बासचं बटण उतरवलं आणि ट्रेबल थोडा चढवला. आई बातम्यांवर पुन्हा मतं देऊ लागली!

दोन स्पीकर ताडून पाहायचे असतील, तर एक पथ्य पाळा. दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. शिवाय हळू आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं. जुन्या अॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असायचं ते त्यासाठीच. खोलीही विसरू नका. गोधड्या आणि धान्याची पोती असलेल्या धाब्याच्या घरातला स्पीकर फरशीच्या रिकाम्या खोलीत नेला, की घुमू लागतो.

जुना स्पीकर खरखरू लागला म्हणून लगेच भंगारात देऊ नका. बहुतेक वेळा शंकूच्या कडेचा फोम कुजलेला असतो आणि जाणता कारागीर तेवढीच कड बदलून देतो.

आणि घरातलं वडीलधारं माणूस टीव्हीचा आवाज वाढवायला सांगू लागलं, तर वैतागण्याआधी खर्ज उतरवून पाहा. तरीही शब्द कळेनात, तर त्यांचे कान डॉक्टरांकडून तपासून घ्या. शब्द कळेनासे झालेलं माणूस हळूहळू बोलणंही कमी करतं.