आधी पुडी की आधी नापास?

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात तंबाखू शोधायला मुलाला लांब जावं लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्रास चालतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरीही. देशभराचं बोलायचं तर, २०१९ च्या पाहणीत १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचं आढळलं. अशी मुलं दहावी-बारावीपर्यंत टिकतात का?

आधी मेंदूत काय घडतं ते पाहू. लक्ष देणं, लक्षात ठेवणं यासाठी मेंदू अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं स्वतःचं रसायन वापरतो. निकोटिन नेमकं त्याचीच जागा बळकावतं. रक्तातलं निकोटिन दोनेक तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे शाळा भरण्याआधी खर्रा खाल्लेलं, सवय मुरलेलं पोर गणिताच्या तासाला चुळबुळू लागतं, चिडतं, फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही. मधल्या सुट्टीत पुन्हा चिमूट टाकली की बरं वाटतं. त्याला वाटतं, तंबाखूनं लक्ष लागतं! प्रत्यक्षात तंबाखूनंच हिरावलेलं लक्ष त्याला घटकाभर परत मिळतं. तेही अशा वयात, जेव्हा मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून घडतोय. तो पंचविशीच्या आसपास पक्व होतो.

गांजाचा हिशेब आणखी कठोर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या तीन दीर्घ अभ्यासांची माहिती २०१४ साली एकत्र तपासली गेली. सतराव्या वर्षाआधी रोज गांजा ओढणाऱ्यांची शाळा पूर्ण होण्याची शक्यता, कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक कमी निघाली.

पण मला सर्वांत चकित केलं ते मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी. आठवीतल्या मुलांचा त्यांनी वयाच्या चौदापासून बाविसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बहुतेकदा क्रम उलटा होता: अभ्यासात मागे पडणं आधी, व्यसन नंतर! मग व्यसनानं उरलासुरला अभ्यासही मोडू शकतो, हे खरं. पण सुरुवात बऱ्याचदा प्रगतिपुस्तकात दिसत होती.

शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. मुलाच्या हाती ती देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कायदे पाळले गेलेच पाहिजेत. पण गुरुजी, बाई, आईवडील, सहावी-सातवीत एखाद्याचे अपूर्णांक अडले, हजेरी तुटू लागली, तर त्याला तेव्हाच जवळ बसवून शिकवा. व्यसनमुक्तीचं काम तिथूनच सुरू करता येतं.