राष्ट्रीय महामार्ग 44 : श्रीनगर ते कन्याकुमारी

श्रीनगरच्या खोऱ्यातून निघून, 2017 साली खुल्या झालेल्या चेनानी-नाशरीच्या नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून खाली उतरत, दिल्ली-आग्र्याचा बादशाही मुलूख मागे टाकून आणि नर्मदा, गोदावरी, कृष्णा ओलांडून कन्याकुमारीस पोहोचणारा हा 3,700 किलोमीटरांहून दीर्घ राजमार्ग 2010 च्या फेरक्रमांकनात जुन्या सात महामार्गांच्या एकत्रीकरणातून सिद्ध झाला. नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा हा त्याचा आपल्या विदर्भातील टप्पा. आणि नागपूरच्या उत्तरेस पेंचच्या अरण्यात वाघ-चितळांचा परंपरागत संचार अबाधित राहावा म्हणून जिथे रस्ताच खांबांवर उचलून घेतला आहे, ते स्थापत्य माझ्या मते या संपूर्ण मार्गाचे खरे भूषण होय. तेथून जाताना वाहनाचा वेग अवश्य आवरावा, ही कळकळीची विनंती.