घरातली जुनी बंदूक : वारसा आणि कायदा

अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याने पुरातन ठरते आणि बंदुकांच्या बहुतेक केंद्रीय नियमांतून सुटते. त्यामुळे त्या काळातल्या विंचेस्टर १८७३ सारख्या रायफलींचे संग्रह तिथे दिसतात. चापाखालचा लिव्हर खाली ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, घोडा चढतो. लिव्हर वर घेतला की नवे काडतूस नळीत बसते.

आपल्याकडे वाड्याच्या माळ्यावर सापडते ती बहुधा ठासणीची बंदूक. मात्र इथे केवळ वय पुरत नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ नुसार जुन्या धाटणीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके हत्यार दुरुस्त करूनही चालणार नसेल, तरच परवान्यातून सूट मिळते. चालू शकणाऱ्या बंदुकीला परवाना लागतोच. उदाहरणार्थ, नाशिक शहरात त्यासाठी पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारसाहक्काच्या धरूनही एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. शंभर वर्षांपुढची पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

बंदूक सापडली की ती भरलेलीच आहे असे समजा. ठासणीच्या नळीत जुनी दारू वर्षानुवर्षे राहू शकते आणि पेटूही शकते. घोड्याशी खेळू नका. परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. नंतरही पॉलिश पेपर लावू नका, कारण गंजाबरोबर कारागिराची खूण आणि नक्षीही घासली जाते. मऊ कापड आणि तेलाचा हलका हात पुरतो. बंदूक कोणाची, घरात कशी आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. त्या माहितीशिवाय तिचे निम्मे मोल हरवते.