नवी लेन्स घेण्यापूर्वी

आज एक गोष्ट करून पाहा. आपली कॅमेऱ्याची पिशवी, जशी आपण ती फिरायला नेता अगदी तशीच, जादा बॅटरी, पाण्याची बाटली आणि 'असू दे बरोबर' म्हणून ठेवलेल्या सगळ्या वस्तूंसह खांद्याला लावा आणि घरातल्या वजनकाट्यावर उभे राहा. मग पिशवी उतरवून पुन्हा उभे राहा. दोन आकड्यांतला फरक कागदावर लिहून ठेवा. पुढची खरेदी कोणती करावी, या विचाराचा आरंभ या आकड्यापासून करावा, किमतीपासून करू नये, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

हा अनुभव माझा कमी आणि माझ्या थोरल्या बंधूंचा अधिक. दादा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे एक मध्यम आकाराचा कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली छोटी लेन्स होती. मधुमेह दहा वर्षांचा होता. डॉक्टरांनी चालायला सांगून जे कधी साधले नव्हते ते कॅमेऱ्याने साधले होते. पहाटे साडेपाचला उठून ते पुण्याच्या वेताळ टेकडीवर जात, बुलबुल, वेडे राघू, क्वचित मोर टिपत आणि दीड-दोन तासांनी घामाघूम होऊन, पण प्रसन्न चेहऱ्याने परतत. त्या चालण्याला व्यायाम म्हटलेले त्यांना आवडत नसे. साखरेचे आकडे मात्र त्याला व्यायामच समजत होते.

पुढे पक्षी 'मोठा' दिसावा ही ओढ लागली. निवृत्तीच्या पैशातून एक लांब पल्ल्याची लेन्स घरात आली. एकट्या लेन्सचे वजन सव्वादोन किलो. कॅमेरा धरून तीन किलो. पहिले दोन महिने उत्साहाचे गेले. मग पिशवी गाडीतून नेणे सुरू झाले, मग जिथे गाडी जाते तिथेच जाणे सुरू झाले. पुढच्या हिवाळ्यात उजवा हात वर जाईना. डॉक्टरांनी गोठलेला खांदा असल्याचे सांगितले. लेन्समुळे तो झाला असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. मधुमेहींमध्ये हा विकार मुळातच अधिक आढळतो आणि पुष्कळदा त्याचे ठोस कारण सापडत नाही. पण तो पूर्ववत व्हायला एक ते तीन वर्षे लागू शकतात, आणि त्या काळात तीन किलोचे ओझे डोळ्यांपर्यंत उचलून स्थिर धरणे अशक्य असते. छोटी लेन्स तर नव्या लेन्सच्या पैशांना हातभार म्हणून विकून टाकलेली. वहिनी एकदा म्हणाल्या, "लेन्स आली आणि टेकडी गेली."

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. छंदावरचा खर्च आपण पैशांत मोजतो. त्याच्याबरोबर कोणती सवय घरात येते आणि कोणती निघून जाते, याचा जमाखर्च कोणी मांडत नाही.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ घरीच काढा. गेल्या वर्षभरातली आपली छायाचित्रे उघडा. त्यांतली मनापासून आवडलेली तीस निवडा आणि तितकीच फसलेलीही निवडा. फसलेली पुसून टाकली असतील तर आठवा. प्रत्येक छायाचित्राबरोबर लेन्सचा पल्ला, छिद्राचे माप आणि वेळ कॅमेऱ्याने नोंदवून ठेवलेली असते, आणि संगणकावर ती पाहता येते. मग फसलेल्या छायाचित्रांपुढे एकेका शब्दात कारण लिहा: अंधार, अंतर, हालचाल, घाई, कंटाळा. यांतली शेवटची दोन कारणे कोणत्याही दुकानात दुरुस्त होत नाहीत. उरलेल्यांपैकी जे अधिक वेळा आले असेल, तिकडे आपले पैसे जावेत.

कुटुंबवत्सल माणसाच्या यादीत बहुधा 'अंधार' सर्वांत वर असतो. नातवाचा वाढदिवस, गौरीची आरास, आजीचा समईच्या उजेडातला चेहरा, सगळे घरात आणि संध्याकाळी. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या झूम लेन्सचे छिद्र लांब टोकाला बहुधा ५.६ एवढे असते. १.८ छिद्राची साधी, झूम नसलेली लेन्स त्याच्या साडेनऊ पट प्रकाश आत घेते. हा फरक किरकोळ नाही. जिथे एक विसांश सेकंदात धावते मूल धूसर येत होते, तिथे सुमारे एक दोनशेअंश सेकंदात ते लख्ख येते. हाताचा कंप सावरणारी यंत्रणा येथे कामाची नाही, हेही सांगून ठेवते; ती आपला हात सावरते, नातवाला थांबवीत नाही. कॅननची ५० मिलिमीटर १.८ ही लेन्स अवघी १६० ग्रॅमची आहे, म्हणजे एखाद्या मध्यम सफरचंदाएवढी.

येथे एक सावधगिरी. छंदाच्या अंदाजपत्रकात बसणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांचा संवेदक लहान आकाराचा असतो. त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावली तर दहा फुटांवरून जेमतेम साडेचार फूट रुंदीचे दृश्य मावते. आपल्या दिवाणखान्यात पाठ भिंतीला टेकली तरी चौकटीत दोनच माणसे येतील. तिथे ३५ मिलिमीटरची लेन्स बरी. त्याच दहा फुटांवरून ती साडेसहा फुटांहून थोडे अधिक दाखवते. निकॉनची अशी १.८ छिद्राची लेन्स २०० ग्रॅमची आहे. चेहराच हवा असेल तर ५०, घर हवे असेल तर ३५.

'अंतर' हे कारण वर आले असेल तर मोह सर्वांत मोठा. १५० ते ६०० मिलिमीटरच्या झूम लेन्स दोन किलोच्या आसपास भरतात. याउलट निकॉनची ७० ते ३०० ही छोट्या संवेदकासाठीची लेन्स ४१५ ग्रॅमची, कॅननची ५५ ते २५० ही ३७५ ग्रॅमची. ६०० मध्ये दिसणारा पक्षी ३०० मध्ये निम्म्या लांबीचा दिसेल, यात शंका नाही. पण भिगवणला हिवाळ्यात नावेतून रोहित पाहायला जाणाऱ्यांना विचारा: नाव डोलत असते, तिपाई लावता येत नाही, आणि दोन किलोची लेन्स तासभर हातात धरली की मनगट आणि अंगठ्याचा सांधा दुसऱ्या दिवशी बोलू लागतो. वर्षातून दोनदाच असा प्रवास होत असेल तर मोठी लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने घ्यावी. पुण्या-मुंबईत ती सोय आहे. आणि भाड्याने घेतलीच तर भिगवणबरोबरच आपल्या रोजच्या वाटेवरही ती एकदा नेऊन पाहावी. खरी परीक्षा तिथे होते.

फुले आणि किडे यांच्या जवळ जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी स्वस्त मार्ग आहे. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ कड्या मिळतात. त्यांत काच नसतेच, त्यामुळे त्या हलक्या आणि स्वस्त असतात. विद्युत जोडणी असलेल्या कड्या घ्याव्यात, नाहीतर छिद्र आणि फोकस कॅमेऱ्यावरून चालत नाहीत. लांबचे दृश्य त्या लावून टिपता येत नाही, एवढी त्यांची मर्यादा. पण कासच्या पठारावर बोटाच्या पेराएवढ्या फुलांपुढे ज्यांनी गुडघे टेकले आहेत त्यांना ठाऊक आहे की खरी अडचण लेन्सची नसते, उठण्याची असते. गुडघ्यांचे दुखणे असेल तर वळता पडदा असलेला कॅमेरा आणि गुडघ्याखाली घ्यायची जाड गादी यांनी अधिक छायाचित्रे मिळतील.

आता डोळ्यांविषयी. चाळिशी ओलांडलेल्या अनेकांची तक्रार असते की लेन्स 'मऊ' येते, धारदार चित्र दिसत नाही. कॅमेऱ्याला डोळा लावायची जी खिडकी असते तिच्या शेजारी एक लहानसे चाक असते. ते फिरवले की खिडकीतले आकडे आपल्या नजरेला जुळवून घेता येतात. अनेकांनी ते कधी फिरवलेलेच नसते. पिशवीत घासून ते आपोआप सरकलेले असते. चष्मा घालूनच पाहायचे की काढून, हे एकदा ठरवा आणि त्याप्रमाणे आकडे स्पष्ट होईपर्यंत चाक फिरवा. तरीही अंधुक दिसत असेल, दिव्यांभोवती वलये दिसत असतील, रंग पिवळट वाटत असतील, तर कॅमेऱ्याच्या दुकानाआधी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मोतीबिंदू झालेल्या माणसाला नव्या लेन्सची गरज असतेच, फक्त ती डोळ्यात बसवायची असते.

वजनाकडे परत येऊ. शालेय दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे २०२० चे केंद्रीय धोरण सांगते. छंदिष्ट मोठ्या माणसांसाठी असे धोरण कोणी केलेले नाही, पण ज्यांची मान किंवा कंबर आधीच कुरकुरते त्यांनी हाच दंडक स्वतःला लावून घ्यायला हरकत नाही, आणि त्याहूनही कमी भरले तर उत्तम. कॅमेऱ्याबरोबर मिळणारा गळ्यातला पट्टा सारे वजन मानेवर टाकतो. तिरका, रुंद पट्टा ते खांद्यावर आणि पाठीवर पसरवतो; कमरपट्टा असलेली पाठपिशवी पुष्कळसा भार नितंबांच्या हाडांवर उतरवते. जड लेन्स आधीच घरात असेल तर एकपायी दांडा, म्हणजे मोनोपॉड, ही सर्वांत शहाणी 'पुढची खरेदी' ठरेल. वजन जमीन उचलते आणि टेकडी चढताना तो काठीचेही काम करतो. माझ्या मते या वस्तूची म्हणावी तेवढी कदर होत नाही, कारण तिच्याविषयी बढाई मारता येत नाही.

आणि पावसाळा. कोकणात, मुंबईत आणि चार महिने बंद राहिलेल्या कुठल्याही कपाटात लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेवर पसरतात. वेळीच साफ झाले नाहीत तर काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. कातडी आणि कापडी पिशव्या ओल धरून ठेवतात, म्हणून त्यांत लेन्स पावसाळाभर ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र पुरेसे आहे. आकडा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असावा. निळ्या रंगाच्या सिलिका जेलमध्ये बहुधा कोबाल्टचा क्षार असतो आणि तो विषारी आहे. घरात लहान मुले असतील तर नारिंगी किंवा पांढरे घ्यावे. त्या यंत्रातली बटणासारखी बॅटरी तर मुलांच्या हाती पडूच देऊ नये. गिळली गेल्यास ती दोन तासांतच अन्ननलिका जाळू शकते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हीच बुरशी वापरलेली लेन्स घेतानाही तपासावी. अर्ध्या किमतीत चांगली लेन्स मिळते, त्यात कमीपणा काही नाही. छिद्र पूर्ण उघडे ठेवून मागच्या बाजूने विजेरीचा उजेड टाका आणि तिरके पाहा: धुळीचे चार कण चालतील, तंतू चालणार नाहीत. फोकसचे कडे दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, करकर ऐकू आली तर पैसे खिशातच ठेवा.

किती पैसे, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. वर्षाची एक रक्कम घरातल्यांना सांगून ठरवावी आणि तिच्यातला पाचवा हिस्सा तरी प्रवासासाठी राखावा. एसटीच्या तिकिटाने जेवढी छायाचित्रे मिळतात तेवढी फिल्टरने मिळत नाहीत. लपवून आणलेल्या लेन्सचे खोके माळ्यावर टाकणारे गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत. त्यांची झोप आणि रक्तदाब या दोन्हींविषयी मला शंका आहे.

दादांची लेन्स दीड वर्ष कपाटात होती. खांदा हळूहळू मोकळा झाला: फिजिओथेरपी, रोज हात लोलकासारखा झुलवणे, भिंतीवर बोटांनी चढणे. पिशवी उघडली तेव्हा काचेत बुरशी होती. साफ करून घेऊन, झालेला प्रकार खरेदीदाराला स्पष्ट सांगून, त्यांनी ती निम्म्याहून कमी किमतीला एका तरुणाला दिली. त्या पैशांतून ४१५ ग्रॅमची लेन्स आली, रुंद पट्टा आला आणि उरलेले वहिनींच्या हाती गेले. गेल्या महिन्यात त्यांनी मला एक छायाचित्र पाठवले. टेकडीवरच्या झाडात राखी धनेश बसला आहे, चौकटीत अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्याच्या मागे धुक्यातून वर येणारी पायवाट, तिच्यावर हातात पाण्याची बाटली घेतलेल्या वहिनी. पिशवीचे वजन मी विचारले. पावणेदोन किलो, बाटली वहिनींकडे असते म्हणाले.