वल्हं घरात आणण्याआधी

आयर्लंडचे रिचर्ड मॉर्गन वयाच्या ७३ व्या वर्षापर्यंत व्यायामाच्या वाटेला गेले नव्हते. हयात बेकरीत आणि बॅटऱ्या बनवण्यात गेलेली, गुडघे कुरकुरू लागलेले. नातू कॉलेजच्या संघातून नौकानयन करायचा. त्याचा सराव बघायला आजोबा गेले आणि प्रशिक्षकाने त्यांना रोइंग मशीनवर बसवलं. ते बसले ते बसलेच. पुढे इनडोअर रोइंगमध्ये आपल्या वयोगटाची चार जगज्जेतेपदं त्यांनी मिळवली. ९२ व्या वर्षी संशोधकांनी त्यांना प्रयोगशाळेत नेऊन तपासलं आणि २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी’त त्याचा अहवाल छापून आला. शरीरात चरबी सुमारे १५ टक्के, दोन किलोमीटर वल्हवताना हृदयाचे ठोके मिनिटाला १५३ पर्यंत गेलेले. हा सगळा सराव घरामागच्या शेडमध्ये, रोज साधारण ४० मिनिटं. त्यातलाही बहुतेक भाग निवांत वेगाने.

अशी गोष्ट ऐकली की माणसाला हुरूप येतो. तो मोबाइलवर मशीन शोधायला घेतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. काही हजारांपासून लाखाच्या पुढच्या किमतीपर्यंतच्या वस्तू एकाच नावाखाली समोर येतात. सगळ्यांना सरकती सीट, सगळ्यांना हँडल, सगळ्यांच्या जाहिरातीत घामाने निथळणारे पिळदार दंड. खरा फरक असतो तो ओढताना जोर कशाविरुद्ध लावायचा यात. आणि त्याहून महत्त्वाच्या गोष्टी जाहिरातीत नसतातच: खोली केवढी, खालच्या मजल्यावर कोण राहतं, घर समुद्रापासून किती लांब आहे.

हे यंत्र मुळात नौकानयनपटूंचं. नदी गोठली किंवा हवा बिघडली तर सराव अडू नये म्हणून ते जमिनीवर आलं. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकच्या व्यायामशाळेतही एक होतं. आजचं रूप मात्र अलीकडचं. अमेरिकेच्या व्हर्मॉन्ट राज्यात डिक आणि पीट ड्रायसिगॅकर हे नौकानयनपटू भाऊ शर्यतीची वल्ही बनवत. त्यांनी सायकलच्या चाकाला पाती बसवून १९८१ मध्ये हवेच्या रोधावर चालणारं साधं यंत्र विकायला काढलं. त्यांच्या ‘कॉन्सेप्ट टू’ कंपनीचं मशीन आज स्पर्धांमध्ये आणि क्रॉसफिटच्या जिममध्ये सर्रास दिसतं. त्याच दशकात जॉन ड्यूक या आणखी एका अमेरिकी नौकानयनपटूने लाकडी चौकट आणि पाण्याची टाकी असलेलं ‘वॉटररोअर’ काढलं. ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ या मालिकेतला राजकारणी रात्री तळघरात जे ओढत बसतो, ते हेच.

महाराष्ट्रात या खेळाचं नाव घरोघरी पोचवलं ते दत्तू भोकनळने. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं दुष्काळी गाव; घरच्या गरिबीत त्याने विहिरी खोदण्याची कामं केली. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यावर पुण्यात वल्हं हाती आलं. चार वर्षांनी रिओ ऑलिंपिकच्या सिंगल स्कल्समध्ये तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून त्याने सुवर्णपदक मिळवलं. लहानपणापासून पाण्यात वाढलेलं असावं लागतं, हा समज त्याने मोडीत काढला. लागतं ते तंत्र.

तेच तंत्र खरेदीआधी समजून घ्यायला हवं, कारण बरीचशी मशीनं इथेच नापास होतात. सुरुवातीला गुडघे छातीजवळ आलेले, नडग्या जवळजवळ सरळ उभ्या, हात लांबवलेले, पाठ ताठ. पहिला जोर पायांचा: टाचा रोवून सीट मागे ढकलायची. पाय सरळ होत आले की कमरेतून किंचित मागे झुकायचं आणि सगळ्यात शेवटी हँडल बरगड्यांच्या खालच्या टोकाशी आणायचं. परतताना क्रम उलटा: आधी हात, मग कंबर, मग गुडघे. ओढायला एक मात्रा लागली तर परतायला दोन. नवशिके नेमकं उलट करतात. दंडांनी खेचतात आणि परतताना घाईघाईने पुढे आदळतात. मग पाठ धरते आणि मशीनला दोष जातो. यात सर्वाधिक काम पायांचं आहे. म्हणून ज्या मशीनचा रूळ आखूड आहे आणि ज्यावर पाय पूर्ण सरळ होत नाहीत, ते कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

आता प्रकार. बाजारात ते चार आहेत.

सगळ्यात स्वस्त ते दोन बाजूंना हायड्रॉलिक नळकांडी असलेलं. जागा कमी लागते, पण हातांची चाल ठरावीक कमानीत अडकलेली असते. सलग ओढत राहिलं की आतलं तेल तापून ओढ सैल पडते. पंधरा-वीस मिनिटं नेटाने व्यायाम करणाऱ्याच्या ते फारसं उपयोगाचं नाही.

चुंबकीय मशीन शांत असतं. पहाटे साडेपाचला शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असलं तरी चालतं. ओढ बटणाने किंवा खुंटीने ठरवायची. एकदा पातळी लावली की बऱ्याच साध्या मशीनवर ओढ जवळपास तेवढीच राहते, मग तुम्ही जोर लावा की हळू ओढा. नावेत असं होत नाही. शिवाय पडद्यावरचं अंतर ज्याच्या त्याच्या हिशेबाचं असल्याने एका कंपनीच्या पाच किलोमीटरची दुसरीच्या पाच किलोमीटरशी तुलना करता येत नाही.

हवेच्या आणि पाण्याच्या मशीनवर जितक्या जोरात ओढाल तितका रोध वाढतो. हवेच्या मशीनला बाजूला एक ते दहा आकड्यांची खुंटी असते, तिला डँपर म्हणतात. दहावर लावलं म्हणजे व्यायाम जास्त, हा जिममधला लाडका गैरसमज. डँपर फक्त पंख्याकडे किती हवा जाऊ द्यायची ते ठरवतो, जोर ओढणाऱ्याचाच. कॉन्सेप्ट टू नवशिक्यांना तीन ते पाचच्या दरम्यान ठेवायला सांगते. पंख्याच्या जाळीत धूळ साचली तर त्याच आकड्यावर ओढ हलकी लागते, आणि आपल्याकडे धुळीची कमी नाही. म्हणून या मशीनच्या पडद्यावर ‘ड्रॅग फॅक्टर’, म्हणजे पंख्याच्या प्रत्यक्ष रोधाचा आकडा, दिसतो. डँपरच्या आकड्यापेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवावा.

पाण्याच्या मशीनमध्ये टाकीत साधारण १७ लिटर पाणी भरलेलं असतं. पाणी जास्त घातलं की ओढ जड होते. ओढताना होणारा खळखळाट बऱ्याच जणांना आवडतो. टाकीत शेवाळ धरू नये म्हणून क्लोरीनच्या गोळ्या टाकाव्या लागतात आणि मशीन थेट उन्हात ठेवता येत नाही. पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेलं मशीन पाणी लवकर हिरवं करतं.

पडद्यावरचे आकडे वाचायची एक खुबी आहे. रोइंगमध्ये वेग ५०० मीटरला लागणाऱ्या वेळेत सांगतात. कॉन्सेप्ट टूच्या गणितानुसार अडीच मिनिटांत ५०० मीटर म्हणजे सुमारे १०४ वॉट आणि दोन मिनिटांत ५०० मीटर म्हणजे सुमारे २०३ वॉट. वेळ फक्त ३० सेकंदांनी घटली, पण कष्ट जवळजवळ दुप्पट झाले. म्हणून एका महिन्यात पाच सेकंद कमी झाले तरी ती मोठी मजल समजावी. जागतिक कसोटी २००० मीटरची. ऑस्ट्रेलियाच्या जोशुआ डंकली-स्मिथने २०१८ मध्ये ती ५ मिनिटं ३५.८ सेकंदांत पार केली. कॅलरीच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. कॉन्सेप्ट टूच्या पडद्यावरचा हिशेब सुमारे ७९ किलो वजनाच्या माणसाचा आहे. ५५ किलोच्या गृहिणीने तो बघून रात्री श्रीखंडाची जादा वाटी घेतली, तर हिशेब चुकणारच. हार्वर्डच्या आरोग्यविषयक तक्त्यात मध्यम गतीच्या अर्ध्या तासाला साधारण ५७ किलोच्या व्यक्तीसाठी २१० आणि ७० किलोच्या व्यक्तीसाठी २५२ कॅलरी धरल्या आहेत.

खरी परीक्षा घरात होते. कॉन्सेप्ट टूच्या नेहमीच्या मशीनची लांबी २४४ सेंटिमीटर, म्हणजे आठ फूट. रुंदी दोन फूट. पुणे-ठाण्याच्या टू बीएचकेमधली दहा बाय दहाची बेडरूम डोळ्यांसमोर आणा. पलंग आणि कपाट गेल्यावर आठ फूट सलग जमीन उरते का? मागे-पुढे थोडी मोकळीकही हवी. या मशीनचे दोन तुकडे होतात, वजन सुमारे २६ किलो, त्यामुळे व्यायामानंतर कोपऱ्यात लावता येतं. पण रोज जोडायचं आणि रोज काढायचं ठरवलं, की तिसऱ्या आठवड्यात ते कपडे वाळत घालायच्या कामी येतं. वॉटररोअर उभं करून भिंतीला टेकवता येतं. हॉलमध्ये ते फर्निचर म्हणून खपून जातं. खरेदीआधी वर्तमानपत्रं अंथरून मशीनच्या मापाचा चौकोन करावा आणि दोन दिवस घरच्यांना त्याभोवती वावरू द्यावं. उत्तर तिथेच मिळतं.

आवाजाचाही विचार हवा. हवेच्या मशीनचा पंखा दर ओढीला मोठा टेबलफॅन एकदम सोडावा तसा घोंघावतो. बंगल्यात किंवा तळमजल्यावर कुणाला फरक पडत नाही. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असाल तर खाली जाड रबरी चटई घाला आणि वेळ बघून ओढा. कोकण, गोवा, मुंबईकरांनी गॅलरीचा मोह टाळावा. खाऱ्या हवेत साखळी गंजते. कॉन्सेप्ट टूच्या साखळीला दर ५० तासांच्या वापरानंतर तेलाचा हात द्यावा लागतो, आणि सीटचा रूळ व्यायामानंतर रोज पुसायचा असतो. घाम आणि धूळ मिळून रुळावर जो काळा थर धरतो, त्यानेच सीटची चाकं खडखडू लागतात.

मशीन शरीरालाही मानवायला हवं. बसून व्यायाम होत असल्याने गुडघ्यांना धावण्यासारखे दणके बसत नाहीत, हा मोठा फायदा. पण गुडघा खोल वाकतो. ज्यांना उकिडवं बसायला जमत नाही, त्यांना पुढपर्यंत येणं जड जाईल. त्यांनी अर्ध्यावरूनच ओढावं. कॉन्सेप्ट टूच्या नेहमीच्या मशीनची सीट जमिनीपासून फक्त ३६ सेंटिमीटरवर असते, उंच पायांच्या मशीनची ५१ वर. साठी ओलांडलेल्या माणसाला हा फरक उठता-बसता कळतो. नौकानयनपटूंना कमरेची दुखणी सर्वाधिक होतात. तेव्हा मणक्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि हाडांसाठी चालणं सोडू नये, कारण इथे शरीराचा भार पायांवर येत नाही.

पैशांचं सांगायचं तर नामांकित मशीनं आयात होतात, त्यामुळे महाग पडतात. पण सुटे भाग वर्षानुवर्षं मिळत राहतात आणि जुन्या मशीनलाही चांगली किंमत येते. बंद पडलेल्या जिममधली वापरलेली मशीनं विकायला येतात. अशी घेताना साखळी पूर्ण ओढून बघा, गंज दिसला की भाव पाडा. सोडल्यावर हँडल झटकन परत जातं का पाहा. सीट रुळावर हाताने फिरवून चाकांची घरघर ऐका. पडदा चालू करून पाहा. अनोळखी ब्रँडचं नवं मशीन घेताना गावात दुरुस्ती कोण करेल, याचं उत्तर मिळाल्याखेरीज पैसे देऊ नका.

मग नेमकं कुठलं घ्यावं? स्वतंत्र खोली असेल, आवाजाची अडचण नसेल आणि आकड्यांशी झुंजायला आवडत असेल, तर हवेचं. हॉलमध्येच ठेवायचं असेल, तर पाण्याचं. फ्लॅट लहान आणि भिंती पातळ असतील, तर पुरेसा लांब रूळ असलेलं चुंबकीय. हायड्रॉलिक मशीनचे पैसे वाचवून त्यात जिमची वर्गणी भरलेली बरी. आणि यातलं कुठलंही घेण्याआधी महिनाभर जिममधल्या मशीनवर आठवड्यातून तीन दिवस बसा. मिनिटाला २० ते २४ ओढी, सुरुवातीला पाच-पाच मिनिटांचे तीन टप्पे, जमेल तसे सलग वीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. त्यातला हा वाटा महिनाभरात अंगवळणी पडतोय असं दिसलं, की मगच टेप घेऊन खोलीची मापं काढायला लागा.