सरासरीत न मावणारे इलेक्ट्रॉन

आज स्वयंपाकघरातूनच सुरुवात करू. लहानशा खोलीत दोघी जावा राबतायत. धाकटी निम्मा वेळ चुलीपाशी, निम्मा वेळ मोरीवर, असा कुणी हिशेब मांडला तर तो खोटा नाही. पण एक गोष्ट त्यात राहून जाते. थोरली चुलीकडे वळली, की धाकटी आपसूक मोरीकडे सरकते. म्हणून तर धक्का न लागता स्वयंपाक होतो.

पदार्थ रेणूंचे, रेणू अणूंचे, आणि अणूंना एकत्र धरून ठेवतात ते इलेक्ट्रॉन. हे इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. त्यांचं गणित फार किचकट. १९२८ साली इंग्लंडच्या डग्लस हार्ट्री यांनी वाट काढली: प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्यांच्या सरासरी ढगात फिरतो, असं धरायचं. हिशेब छान जमला. चूक राहिली ती शंभरातल्या साधारण एका रुपयाची.

पण रेणूची पकड असते तीच मुळी अशा चिल्लर रकमेची! हायड्रोजनच्या दोन अणूंची खरी पकड १०० धरली, तर सरासरीच्या हिशेबात ती ७७च्या आसपास भरते. फ्लोरिनचं तर विचारूच नका. हिशेब म्हणतो, त्याचे दोन अणू जोडीनं राहणारच नाहीत. आणि फ्लोरिन वायू तर फ्रान्सच्या मोआसाँ यांनी १८८६ सालीच वेगळा काढून दाखवला होता.

इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवत फिरतात, त्याला सहसंबंध म्हणतात. (जावांसारखं समजून-उमजून नव्हे हं, नुसत्या लोटालोटीनं.) नॉर्वेच्या हिलेरास यांनी १९२९ साली हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांमधलं अंतरच गणितात घेतलं आणि उत्तर प्रयोगाशी जुळलं. दोघांचं जमलं, पण मोठ्या गोतावळ्याचं अवघड. आजच्या एका भरवशाच्या पद्धतीत रेणू दुप्पट मोठा घेतला, की संगणकाचं काम सुमारे १२८ पट होतं.

आपल्याला याचं काय? मेणबत्ती बघा. मेणाच्या एका रेणूतले इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला झुकतात, शेजारच्या रेणूतले त्यांना जागा देत सरकतात, आणि तेवढ्यानं दोघांत हलकी ओढ तयार होते. १९३० साली फ्रिट्झ लंडन यांनी ही ओढ उलगडून सांगितली. मेणाचे रेणू मुख्यतः तिच्यावरच एकत्र राहतात. सरासरीच्या हिशेबात ती सापडतच नाही. त्या हिशेबानं चाललं असतं तर मेण गोठलं नसतं, आणि सिलिंडर हलवल्यावर आत डुचमळतो तो गॅससुद्धा कधी पातळ झाला नसता.