मेळघाटचें रान व कोरकूंचा हक्क

नांदगांव खंडेश्वरच्या शेतकऱ्यास मेळघाटशीं काय कर्तव्य, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. आपल्या बेंबळेचें पाणी त्या डोंगरांतून येत नाहीं, हें खरें. परंतु शहानूर व चंद्रभागा तेथूनच उतरतात, आणि अचलपूर-अंजनगांवकडील संत्र्याच्या बागा त्यांच्या खोऱ्यांत आहेत. शिवाय सोयाबीनच्या सोंगणीस वऱ्हाडच्या मैदानांत जीं कुटुंबें बिऱ्हाडासह उतरतात, त्यांपैकीं पुष्कळ तेथील कोरकू असतात. त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळांतील नव्हे. ती पूर्वेकडील संताळी-मुंडारीची नातलग आहे. कोदो-कुटकीचें पीक, मोहाचीं फुलें, मृताच्या नांवें उभारावयाचा कोरीव लाकडी खांब, हें सर्व रानावर अवलंबून आहे.

ब्राझीलच्या वर्षावनांविषयीं वर्तमानपत्रांत पुष्कळ येतें. मेळघाट हें सागाचें पानझडी रान. परंतु रान राखावयाचें तर त्यांतील माणूस ठेवावा कीं काढावा, हा प्रश्न दोन्हींकडे एकच. ब्राझीलनें १९८८ च्या राज्यघटनेंत मूळ रहिवाशांचा परंपरागत भूमीवरील हक्क मान्य केला. मेळघाटांत १९७४ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला व पुढें आंतील गांवें हलविण्यास आरंभ झाला. बोरी, कोहा, कुंड हीं त्यांतील पहिलीं. मोकळ्या गावठाणांवर गवत वाढून सांबरांस चरावयास मिळालें, हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. जाणाऱ्या कुटुंबास २००८ पासून १० लाख व २०२१ पासून १५ लाख रुपये ठरले. पण रोख पैसा कुणब्याच्या घरांत किती दिवस राहतो, हें आपणांस सांगावयास नको. कांहीं लोक जुन्या गांवीं परतले, आणि जानेवारी २०१९ मध्यें वनखात्याशीं संघर्ष होऊन दोन्हीं बाजूंचे लोक जखमी झाले.

याच डोंगराच्या पायथ्याशीं, अचलपूर तालुक्यांत, पायविहीर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २०१२ सालीं या गांवास जवळजवळ दोनशें हेक्टर उजाड वनावर सामूहिक हक्क मिळाला. ही मालकी नव्हे. रान राखण्याचा व त्याचें उत्पन्न घेण्याचा अधिकार होय. गांवकऱ्यांनीं चराई आंवरली, वणवे रोखले, चर खणले, झाडें लाविलीं. २०१४ सालीं गांवास जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रानांतील सीताफळें ग्रामसभा स्वतः मुंबईपर्यंत विकूं लागली. दलालाच्या हातून संत्रा देणाऱ्या आपल्या बागाईतदारांनीं ही गोष्ट विशेष पाहावी.

गांवींच काम मिळाल्यानें तेथील लोकांचें बाहेरगांवीं जाणें कमी झालें. असे हक्क सर्वत्र मिळाल्यास सोंगणीस मजूर मिळणार नाहींत, अशी तक्रार आपल्यांतील कोणी करील. ती ऐकून घेण्यासारखी आहे, मान्य करण्यासारखी नव्हे. स्वतःचा सातबारा पेटींत जपून ठेवणाऱ्यानें तर ती करूंच नये.